काळ्या पावडरीची घट

४ जानेवारी

नवी वही. जुनी भरली म्हणून नव्हे, तिच्यात खाडाखोड फार झाली म्हणून. या वहीत तीन गोष्टी पाळायच्या. रोज लिहायचं, खरं लिहायचं, कोणाबद्दल वाकडं लिहायचं नाही.

आनंदाची बातमी: पावडर जमली! आत लोहाच्या ऑक्साइडचे कण, वर टायटॅनियाचा पातळ थर. दिसायला मात्र चुलीतली काजळी. आईला फोनवर समजावलं की ही काजळी निळ्या पाण्यात टाकायची, वर दिवा लावायचा, मग उजेडात ती रंगाचे रेणू फोडते आणि पाणी स्वच्छ होतं. नंतर भांड्याला बाहेरून लोहचुंबक लावायचा, की सगळी काजळी एका बाजूला येऊन बसते. पाणी ओतून घ्यायचं, काजळी वाळवून पुन्हा वापरायची. आई म्हणाली, म्हणजे काही वाया जात नाही तर. मी म्हटलं, एक कणसुद्धा नाही.

सरांची अट: एकच एक ग्रॅम पावडर दहा फेऱ्या वापरायची आणि शेवटी निदान नव्वद टक्के परत मिळवून दाखवायची. मुदत फेब्रुवारीअखेर. मी म्हटलं, सर, नव्याण्णव. सर म्हणाले, नव्वद पुरेत. मी मनात नव्याण्णवच धरलेत.

५ जानेवारी

लॅबमध्ये माझं आणि ताईचं, म्हणजे माझ्या सीनियरचं, टेबल एकच. डावी बाजू तिची, उजवी माझी. मध्ये मी चिकटपट्टी लावली आहे, ती तिला दिसत नाही. तिच्या पिपेट, तिचा कप, तिचे कागद रोज सरहद्द ओलांडून येतात. पण माणूस सोन्यासारखं. मी इथे आले तेव्हा मला ओव्हन कसा लावतात हेही माहीत नव्हतं. तिने सगळं शिकवलं, डब्यातलं अर्धं दिलं, स्वतःची ओव्हनची वेळ दिली. मला सख्खी बहीण नाही. असती तर अशीच असती, जरा कमी पसारा करणारी. मार्चमध्ये ती प्रबंध सादर करणार. तिच्यानंतर इथे माझं कसं होणार, कोण जाणे.

९ जानेवारी

६, ७, ८ लिहिलं नाही. रोज म्हणजे कामाच्या दिवशी, असं धरावं.

फेरी पहिली. पाच तास दिवा. निळेपणा ९२ टक्के गेला. ताईने टाळी दिली.

संध्याकाळी पावडर वाळवून मोजली. टाकली १.००० ग्रॅम, मिळाली ०.८८१. तीनदा मोजली. तिन्हीदा तेच. ११९ मिलिग्रॅम गायब.

मी सोनाराची मुलगी. दम्यामुळे दहाव्या वर्षापर्यंत मला शाळेत घातलंच नव्हतं. आईने अक्षरं शिकवली, बाबांनी तराजू. वजनात कमी आलं तर बाबा त्याला घट म्हणतात. त्यांचा नियम मला पाठ आहे: घट आली की हात बघायचे. रोज दिवसअखेरीला म्हणायचे. पुढे आणखीही काही म्हणायचे, पण तेवढ्यात आई पानं वाढल्याची हाक मारायची आणि मी पळायची.

आणखी एक तक्रार. ढवळायला आमच्याकडे साधं यंत्र आहे. खाली डब्यात लोहचुंबक गरगरतो आणि वर, बीकरच्या तळाशी, पांढऱ्या प्लास्टिकातली एक बीड त्याच्यामागे गरगरते. टेबलावर बीड एकच, दोघींत मिळून. ती चिमट्याने बाहेर काढली तर काळीकुट्ट, अंगभर केस उगवल्यासारखी! ताई वापरून तशीच ठेवते वाटतं. साबण लावला, दातांच्या ब्रशने घासली, तीन पाण्यांनी धुतली. सिंकमध्ये नुसतं काळं काळं वाहून गेलं. आईने शिकवलंय, खरकटं कोणाचंही असो, दिसलं की घासायचं. बीड शुभ्र झाली. बरं वाटलं.

१७ जानेवारी

फेरी दुसरी. ०.७७४. पुन्हा १०७ कमी. निळेपणा ८१ टक्केच गेला. साहजिक आहे, पावडरच कमी.

बीड पुन्हा काळी. मी स्वतः धुऊन डबीत ठेवली होती! ताईला सहज विचारलं, तू बीड वापरतेस का गं. म्हणाली, मी कशाला वापरू, माझं काम वरच्या पात्यावर चालतं. तिच्याकडे उंच दांडीला काचेचं पातं लावलेलं जुनं यंत्र आहे, पंख्यासारखं वरून ढवळणारं. खडखड वाजतं.

वापरत नाही म्हणते. मग काळी होते कशी? विचारलं नाही. तिला वाईट वाटलं असतं.

घासली. शुभ्र.

२४ जानेवारी

फेरी तिसरी. ०.६६८.

ताईने आज आपले आकडे फळ्यावर लिहिले. तिच्याही पावडरीच्या पोटात लोहाचेच कण, वरचा थर फक्त वेगळा. काळी, हुबेहूब माझ्या पावडरीसारखी. दहा फेऱ्यांनंतर तिची ९७ टक्के परत आली.

सत्त्याण्णव.

माझे ३३२ मिलिग्रॅम कुठे गेले असतील याबद्दल मी या वहीत काहीही लिहिणार नाही. मी कोणावर संशय घेत नाही. फक्त आजपासून बाटलीच्या झाकणावर आणि बाटलीवर मिळून पेन्सिलीची एक बारीक रेघ ओढणार आहे. झाकण कोणी फिरवलं तर रेघ तुटेल. ही नुसती शिस्त.

२५ जानेवारी

रेघ जुळलेली. फार हुशार आहे.

३० जानेवारी

ताईने आपणहून विषय काढला. म्हणाली, तुझी पावडर कमी येतेय का गं? मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, फळ्यावर तूच लिहिलंयस की. लिहिलंय खरं. पण इतकं बारीक कोण वाचतं?

मग म्हणाली, ती बीड बाजूला ठेव, माझं पातं घे. मी म्हटलं, आणि तू? म्हणाली, माझं काम संपलंय, मला आता काय करायचंय त्याचं. म्हणजे बीड तिला हवी आहे! मी इतकी घासून शुभ्र ठेवते, नजरेत भरली असणार. मी म्हटलं, नको, मला बीडच बरी. ती कारण सांगायला लागली, अगं, तुझ्या पावडरीत मुळात, असं काहीतरी. दिव्याची वेळ झाली होती. मी हेडफोन लावले.

नंतर तिने डब्यातली वडी पुढे केली. घेतली नाही. मग भूक लागली.

६ फेब्रुवारी

फेरी चौथी. ०.५४०. एका फेरीत १२८!

बाटली आता लॅबमध्ये ठेवत नाही. डब्याच्या पिशवीत घालून खोलीवर नेते. खोलीत मी एकटीच. घरमालकीणबाईंनी विचारलं, बाटलीत काय, दंतमंजन का? हो म्हटलं. खरं लिहायचं ठरलंय. खरं बोलायचं असं ठरलेलं नाही.

१३ फेब्रुवारी, सकाळी ९

आज ठरवलं आहे, पाच तास टेबल सोडायचं नाही. पाणी प्यायला नाही, कशालाच नाही.

दुपारी २.१०

सोडलं नाही. ताई दोनदा म्हणाली, जाऊन ये गं बाई, चेहरा बघ कसा झालाय, मी बघते तुझ्या दिव्याकडे. बघशील. तेच तर.

संध्याकाळी ६

०.४३१. माझ्या डोळ्यांदेखत १०९ मिलिग्रॅम गेले. बीकरला माझ्याशिवाय कोणाचा हात लागला नाही.

म्हणजे तराजूच बिघडवला आहे.

१४ फेब्रुवारी

तराजू प्रमाण वजनांनी तपासला. एक ग्रॅमला एक ग्रॅम. शंभर मिलिग्रॅमला शंभर. तपासताना ताई मागून म्हणाली, त्या बिचाऱ्याला कशाला छळतेस? तराजूची बाजू घेते आहे. लक्षात ठेवलं.

१५ फेब्रुवारी

पाच फेऱ्यांतच ५६९ मिलिग्रॅम गेले, दहापर्यंत काही उरणार नाही. नवी पावडर केली. कोणालाही हात लावू न देता, एकटीने. ओव्हनशेजारी खुर्ची टाकून बसले. ताई चहा घेऊन आली. मी दोन्ही हात ट्रेवर पसरले. ती म्हणाली, अंडी उबवतेस का? एरवी हसले असते.

बाबांचा फोन. म्हणाले, आवाज का असा? मी म्हटलं, बाबा, घट येते आहे. ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, किती? म्हटलं, पन्नास टक्क्यांवर. चाळीस वर्षांत त्यांनी एवढी घट ऐकली नसणार. मग म्हणाले, हात बघितलेस का? मी म्हटलं, बघते आहे, आता सगळं स्पष्ट दिसतं आहे. म्हणाले, आणि धुणाचं… तेवढ्यात सर आत आले. ठेवला.

१९ फेब्रुवारी

नवी पावडर, फेरी पहिली. १.००० टाकली, ०.८९० मिळाली.

फेरीच्या आधी ताईचे हात बघितले होते. बाबा कारागिरांचे बघत तसे, उजेडात, दोन्ही बाजूंनी. भविष्य बघते म्हणून सांगितलं. हसत हसत हात पुढे केले तिने. स्वच्छ. नखंसुद्धा. इतकी पसाऱ्यातली बाई आणि नखं इतकी स्वच्छ? म्हणाली, काय दिसतंय? मी म्हटलं, लवकरच मोठा बदल आहे.

बीड काळी. घासली. ब्रशचे केस झडायला लागलेत, सिंकमध्ये जातात. पाणीही हल्ली हळू उतरतं. हेही मीच बघायचं.

२४ फेब्रुवारी

फेरी दुसरी. ०.७७९.

दोन्ही पावडरींची मिळून घट ७९० मिलिग्रॅम. बाबांच्या दुकानात एवढी घट आली असती तर घरात चूल पेटली नसती.

रडले. मोजून दहा मिनिटं. मला पावडरीचं नाही इतकं तिचं वाईट वाटतं. मागितली असती तर दिली असती. निम्मी दिली असती. जिने डब्यातलं अर्धं दिलं तिला मी पावडर नाकारली असती का? पण न विचारता, माझ्याच शेजारी बसून, अगं बाई म्हणत म्हणत?

२५ फेब्रुवारी

तक्रार लिहिली. सात कच्चे मसुदे. नाव कुठेही घेतलेलं नाही. फक्त ‘माझ्या डावीकडे बसणारी व्यक्ती’ असं म्हटलं आहे. आकड्यांचा तक्ता जोडला. ऑफिसात दिली. बाईंनी आवक शिक्का मारला, धप्प. परत मागावी वाटलं. बाई म्हणाल्या, शिक्का पडला की कागद आमचा.

न्यायाच्या आधी असंच वाटत असणार.

२७ फेब्रुवारी

सरांनी बोलावलं. पत्र दोनदा वाचलं म्हणाले. विचारलं, तुम्हाला खात्री आहे? मी म्हटलं, सर, मी वजनाच्या बाबतीत कधी चुकत नाही. ते म्हणाले, वजनाचं नाही विचारत मी. चौकशी होईपर्यंत ताईचा प्रबंध दाखल करून घेता येणार नाही, असा नियम आहे, कल्पना आहे ना? नव्हती. हो म्हटलं.

ताईला त्यांनीच सांगितलं. ती जागेवर येऊन बसली आणि बराच वेळ चिकटपट्टीकडे बघत राहिली. मग नखाने तिचं एक टोक उचलून पुन्हा नीट चिकटवलं. म्हणजे पट्टी तिला दिसत होती. दोन वर्षं.

बोलली काहीच नाही. अपराधी माणूस गप्पच बसतो.

२ मार्च, सकाळी १०

आज ११ वाजता सर लॅबमध्ये येऊन दोघींशी एकत्र बोलणार. तक्त्याच्या तीन प्रती तयार. सिंक पार तुंबलं आहे, प्लंबरलाही आजचाच मुहूर्त मिळाला. त्याला म्हटलं, जरा नंतर या. म्हणाला, मॅडम, नंतर म्हणजे पुढच्या आठवड्यात. बसला सिंकखाली.

२ मार्च, दुपार

क्रमाने लिहिते. खरं लिहायचं ठरलं होतं.

सर आले. मी तक्ता वाचायला सुरुवात केली. फेरी तिसरीपर्यंत आले होते. प्लंबरने सिंकखालचा वाकडा पाइप सोडवला, आधी ब्रशच्या केसांचा बोळा काढून बादलीत टाकला, मग आत पेचकस घालून खरवडलं. त्याच्या पेचकसाचं टोक लोहचुंबकाचं आहे, स्क्रू हातातून निसटू नयेत म्हणून. पेचकस बाहेर आला तो काळी दाढी घेऊन. चांगली बोटभर. त्याने झटकली, पडेना. पुसली, फडक्याला लागून पुन्हा उडी मारून टोकाला जाऊन बसली. तो म्हणाला, मॅडम, इथे लोखंड कानसता का तुम्ही? सगळा पाइप भरलाय की.

यंत्रावर रिकाम्या बीकरमध्ये बीड ठेवलेली होती. सरांनी ती उचलली, माझी बाटली उघडली आणि बीड नुसती वर धरली. पावडर बाटलीतून उठून तिच्याकडे गेली. काळे केस. मी ते इतक्या वेळा बघितलेत की डोळे मिटूनही दिसतात.

बीडच्या आत लोहचुंबक असतो. मला माहीत होतं. ४ जानेवारीला आईला मीच सांगितलं होतं, लोहचुंबक लावला की काजळी येऊन बसते. एकाच लोहचुंबकाकडे, असा माझा समज असावा.

सर म्हणाले, दर फेरीला ही धूत होतात? मी म्हटलं, तीन पाण्यांनी.

ताई तेव्हा बोलली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. म्हणाली, मी खरंच घेतली असती ना गं, तर निदान वाया तरी गेली नसती.

आणि कप उचलून बाहेर गेली.

प्लंबरने विचारलं, हे टाकून देऊ का? मी म्हटलं, नको, त्यात पुरावा आहे. मग लक्षात आलं, कशाचा.

३ मार्च

गाळ अल्कोहोलने धुतला, या वेळी धुणाचं पाणी ठेवून. पावडर लोहचुंबकाने वेगळी केली, वाळवली, मोजली. ७०२ मिलिग्रॅम. अजून ८८ कमी.

बाबांना फोन करून म्हटलं, नियम पुन्हा सांगा, पूर्ण. बाबा म्हणाले, रोज तर सांगत होतो, तू पानावर पळायचीस. घट आली की हात बघायचे. आधी आपले. मग धुणाचं पाणी गाळायचं. मग झाडलोट. दुसऱ्याचे हात शेवटी, आणि ते बहुतेक बघावेच लागत नाहीत.

मी म्हटलं, तुम्ही कारागिरांचे बघायचात ना? म्हणाले, अगं, ते आपले हात स्वतःच पुढे करायचे. मी माझे केल्यावर.

दिव्याखाली हात धरले. नखांच्या कडांना काळी रेघ आहे, दहाही. मी ती रोज बघत होते. लॅबचा पसारा फार, असं वाटायचं.

४ मार्च

तक्रार मागे घेण्याचं पत्र. मसुदा एकच. ‘माझ्या डावीकडे बसणारी व्यक्ती’ खोडून तिचं पूर्ण नाव लिहिलं, दोन ठिकाणी. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, हेही लावू फाइलला, पण फाइल बंद व्हायला बैठक लागते, बैठक एप्रिलात. म्हणजे प्रबंध एप्रिलनंतर. मी म्हटलं, माझी चूक आहे तर तिला उशीर का? म्हणाल्या, तुम्ही शिक्का मारून घेतला ना?

ताईला गाठून माफी मागितली. जिन्यात. सगळं पाठ केलं होतं, अर्ध्यावर विसरले. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, चिकटपट्टी लावलीस तेव्हा म्हटलं, असेल सवय. हात बघितलेस तेव्हा मला खरंच वाटलं, भविष्य बघतेयस.

वर जाता जाता म्हणाली, बदल मात्र बरोबर सांगितलास.

६ मार्च

ताई दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये गेली. पात्याचं यंत्र ठेवून गेली आहे, चिकटपट्टीच्या माझ्या बाजूला. त्यावर चिठ्ठी: वापर. फक्त धुऊ नकोस.

सरांनी मुदत वाढवून दिली. मी मागितली नव्हती.

चिकटपट्टी काढली. तिचा डिंक टेबलावर राहिला आहे. निघत नाही. घासत नाही.

१२ मार्च

नवी पावडर, फेरी पहिली. पात्याने. खडखड वाजतं. निळेपणा ९६ टक्के गेला. टाकली १.००० ग्रॅम. मिळाली ०.९९१.

तीनदा मोजली. नव्याण्णव टक्के.

डावीकडे वळून सांगायला गेले. तिथे टेबल होतं.